नटावरची पिवळी रेघ

बसा तिथे बाकावर. अर्धा-पाऊण तास तरी जाईल. नाही, झाकणाला हात लावायचा नाही, आणि रुमालाने धरून तर मुळीच नाही. रेडिएटर इतका तापलेला असताना झाकण उघडलं की आतलं उकळतं पाणी सरळ तोंडावर येतं. इंजिन निवेपर्यंत तुमच्याही हातात काही नाही आणि माझ्याही. काटा लाल पट्टीत गेला तेव्हाच थांबायला हवं होतं, पण 'येईलच आता गॅरेज' म्हणत तुम्ही पाच-सहा किलोमीटर तशीच रेटलीत. सगळे तेच करतात.

एक मात्र आधीच सांगून ठेवतो. चारला मी गॅरेज बंद करतो आणि घाटात जातो. लाटसाहेब आला तरी थांबत नाही. तेवढ्यात तुमचं काम होईल, काळजी नको. आणि तुम्ही मघापासून त्या फळीवरच्या डब्याकडे बघताय ना, पिवळ्या रंगाच्या? कुंचला आतच वाळून दगड झालाय. त्या डब्याचं आणि माझ्या घाटात जाण्याचं कारण एकच आहे. वेळ आहे तर ऐका. विश्वास ठेवलाच पाहिजे असं काही नाही.

या धंद्यात हातांपेक्षा कान जास्त झिजतात. शटर वर करायच्या आधीच फोन सुरू. ऑइल कधी बदलू? एसीतून कुबट वास का येतो? ब्रेक दाबला की चिरकतो, चालेल ना? डॅशबोर्डवर दिवा लागलाय. कुठला दिवा? लाल. मग चालवताय कशाला? नाही, ऑफिसला उशीर होतोय ना. एका महाभागाने विचारलं होतं, इंजिनातून खडखड येते पण रेडिओ मोठा केला की ऐकू येत नाही, म्हणजे फार काही नसेल ना? त्याला म्हटलं, आणखी मोठा करा. चाळीस वर्षांत मला एक गोष्ट कळली. माणूस विचारतो तेव्हा उत्तर त्याच्याकडे तयार असतं. त्याला फक्त 'चालवा' एवढंच ऐकायचं असतं. आणि माझे हात कामात अडकलेले असले, की मीही 'चालवा' म्हणून मोकळा व्हायचो.

आता रेघेचं सांगतो. चाक बसवताना नट आधी हाताने फिरवायचे, मग पान्याने जेमतेम आवळायचे. जॅक काढून गाडी जमिनीवर टेकली की मग पूर्ण जोर लावून शेवटचा पीळ द्यायचा. तो दिला की कुंचल्याने नटावरून चाकापर्यंत एक पिवळी रेघ ओढायची. पुढे कधी नट जरासा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते. माझ्या उस्तादांनी मला पहिल्या महिन्यात बजावलं होतं, रेघ ओढलीस की तो तुझा शब्द, आधी आवळायचं आणि मगच बोलायचं. इथली सगळी गिऱ्हाइकं ही रेघ ओळखायची. चाकावर माझी रेघ दिसली की लोक निर्धास्त घाट चढायचे.

त्यातलंच एक जोडपं म्हणजे घड्याळवाले आणि नर्सबाई. त्यांचं बाजारपेठेत घड्याळं दुरुस्त करायचं दुकान, बाई इस्पितळात. गाडीची सगळी चौकशी बाईच करायच्या. दर आठ-पंधरा दिवसांनी फोन, 'दादा, असं का होतंय हो?' मी सांगितलं की न चुकता म्हणायच्या, 'तुम्ही म्हणाल तसं.' घड्याळवाले गाडी इतकी सावकाश हाकायचे की मागचे लोक हॉर्न वाजवून दमायचे. एक लेक, तेव्हा कॉलेजात होती.

सहा वर्षांपूर्वी बाईंनी माझ्याकडून चारही टायर नवीन घालून घेतले. दोघांना घाटापलीकडे बाईंच्या बहिणीकडे जायचं होतं. मी नेहमी एकटाच काम करतो, आणि त्या दिवशी शेजारी दुसरी गाडीही लावली होती. तिच्या चाकाला शेवटचा पीळ दिला, रेघा ओढल्या. कुंचला ओला होता, आणि हाताशीच बाईंच्या गाडीचं पुढचं डावं चाक होतं, जॅकवर अधांतरी. त्याचे नट नुसते टेकवलेले होते. म्हटलं, कुंचला हातात आहेच तर ओढून टाकू, जॅक काढला की आवळू. पाच नट, पाच रेघा ओढल्या. तेवढ्यात फोन वाजला. कुणालातरी वायपर बदलायचा की नुसतं रबर, ते विचारायचं होतं. त्याला पाच मिनिटं समजावलं. परत आलो, जॅक काढला, चाकाकडे बघितलं. रेघा होत्या. म्हटलं, झालंय की हे.

चार वाजून दहा मिनिटांनी बाईंचा फोन आला. गाडीतूनच. "दादा, स्टेअरिंग थरथरतंय हो थोडं. टायर नवीन आहेत म्हणून असेल ना?"

मी दुसऱ्या गाडीखाली होतो. "असेल. बसतील जरा. चालवा."

"तुम्ही म्हणाल तसं."

चार बावीसला तिसऱ्या वळणावर ते चाक निघालं. गाडी डाव्या अंगाने कड्यावर आदळली. बाई जागच्या जागी गेल्या. घड्याळवाले वाचले. चाक दरीत गेलं ते कुणाला सापडलंच नाही, आणि माझ्या पाच रेघाही त्याच्याबरोबर गेल्या. लोकांनी ठरवून टाकलं, गाडी जोरात असणार. ज्या माणसाच्या मागे हॉर्न वाजवून लोक दमायचे, त्याच्याबद्दल तेच लोक हे बोलत होते. लेकीलाही तेच पटलं. आईला स्मशानात नेलं त्या दिवसापासून ती बापाशी बोलली नाही. शहरात नोकरी धरली. मावशीकडे जाताना याच गावातून जायची, पण दुकानासमोर गाडी हळूसुद्धा करायची नाही.

आणि मी? मी मूग गिळून बसलो. एक वाक्य बोललो असतो तर त्या माणसाला लेक परत मिळाली असती. पण गॅरेज होतं, चाळीस वर्षांचं नाव होतं. खरं सांगायचं तर मी भ्यालो. घड्याळवाले बिचारे सगळ्यांना सांगायचे, "आम्ही कुठे थांबलोसुद्धा नाही. ती म्हणाली थरथरतंय, मी म्हटलं मिस्त्रींनी सांगितलंय ना, मग कशाला थांबायचं?" त्या दिवशी हातात होतं ते घड्याळ त्यांनी दुकानात खिळ्याला टांगून ठेवलं होतं. काच फुटलेली, काटे वाकून चार बावीसवर थांबलेले. गावाची घड्याळं नीट करणाऱ्या माणसाने त्याला हात लावला नाही. आणि मी कधीही दुकानात गेलो की हळूच विचारायचे, "मिस्त्री, तुम्हाला काय वाटतं? मी फार जोरात होतो का हो?"

माझं उत्तर ठरलेलं होतं. मला काय माहीत.

यंदा थंडी सुरू झाली आणि घाटात धुकं उतरायला लागलं, तेव्हाची गोष्ट. दुपारी चार-दहाला फोन आला. "दादा, थंडीत गाडी पहिल्या किल्लीला उठत नाही हो." म्हटलं, बॅटरी बघून घ्या, टर्मिनलवर पांढरं साचलं असेल तर गरम पाण्याने धुवा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, आतून काचेवर वाफ धरते, काय करू? तिसऱ्या दिवशी, गाडी थोडी डावीकडे ओढते. मी उत्तरं देत गेलो. दिवसाला वीस बायका-पुरुष हेच विचारतात, आवाजाकडे लक्ष कोण देतं? एवढंच जाणवलं की फोनमध्ये मागे टिक-टिक असायची, गाडी कडेला लावून इंडिकेटर चालू ठेवला की येते तशी.

पाचव्या दिवशी विचारलं, "दादा, दोन टायर बदलू की चारही?"

"चारही बदला," मी म्हटलं, "दोन नवे दोन जुने नको."

"तुम्ही म्हणाल तसं."

पाना माझ्या हातातून पायावर पडला. दुखलंसुद्धा नाही. फोनमध्ये कुणाकुणाचे फोन आले ते दिसतं ना, ते बघितलं. चार-दहाला काहीच नव्हतं. आदल्या चार दिवसांतही नव्हतं. मग एकेक आठवत गेलं. हे सगळे प्रश्न बाईंनी मला पूर्वी विचारलेले होते, याच क्रमाने. आणि टायरनंतर आता एकच प्रश्न उरला होता. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पण खोटं कशाला बोलू, मनात आशाही उगवली. या वेळी काय सांगायचं ते मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी फोन समोर घेऊनच बसलो. चार-दहाला वाजला.

"दादा, स्टेअरिंग थरथरतंय हो थोडं. टायर नवीन आहेत म्हणून..."

"थांबा," मी म्हटलं. "बाई, आत्ताच्या आत्ता कडेला घ्या."

ब्रेकचा आवाज आला. टिक-टिक सुरू झाली. मागे घड्याळवाले काहीतरी विचारत होते. दार उघडलं, वाऱ्याची घूं-घूं आली, पावलं आली. मग त्या चाकापाशी वाकल्या असाव्यात, कारण आवाज खालून आला.

"पण दादा... रेघा आहेत की. पाचही नटांवर तुमच्या रेघा आहेत. म्हणजे घट्टच असणार ना?"

सांगा ना, काय अवघड होतं? समोर कोण होतं? मेलेली बाई. तिच्यासमोर कसली लाज? पण सहा वर्षं जे तोंडात दाबून ठेवलं, ते जिभेवर येईना. दहा सेकंद गेली असतील.

"बरं," त्या म्हणाल्या, "मग निघतो आम्ही." दार लागलं. टिक-टिक थांबली.

यानंतर तोच फोन रोज यायला लागला. मी रोज थांबा म्हणायचो, त्या रोज उतरायच्या, रेघा बघायच्या, विचारायच्या. मी रोज गप्प. अकरा दिवस. फोन बंद करून पाहिला, तरी चार-दहाला वाजायचा. फळीखालच्या पेटीत, चिंध्यांत गुंडाळून ठेवला, तर पेटीतून टिक-टिक ऐकू यायची. मला वाटायचं, वेड लागलं तर बरं होईल, मग निदान हे खरं तरी नसेल.

बाराव्या दिवशी सकाळी घड्याळवाल्यांकडे गेलो होतो, भिंतीवरचं घड्याळ आणायला. ते एक बारीक स्क्रू बसवत होते आणि तो तीनदा हातातून खाली पडला. चौथ्यांदा त्यांनी तो उचललाच नाही. भिंगावरचा डोळा न काढता म्हणाले, "आज लेक मावशीकडे जाणार म्हणे. पुन्हा न थांबता जाईल. मी जोरात होतो का हो, मिस्त्री?" मी माझं घड्याळ उचललं आणि बाहेर पडलो. माझीच मला किळस यायला लागली.

चार-दहाला फोन आला. थांबा म्हटलं, बाई उतरल्या, वाकल्या. "पण दादा, रेघा आहेत की..."

"रेघा खोट्या आहेत, बाई." मी बोलून टाकलं. "आवळायच्या आधी ओढल्यात मी. नट ढिले आहेत. चूक माझी आहे, त्यांची नाही. गाडी हलवू नका. मी येतो."

टिक-टिक चालूच राहिली.

"बरं, दादा. तिसऱ्या वळणावर आहोत. तुम्ही येईपर्यंत थांबतो."

तुम्ही हसाल, पण मी खरंच निघालो. जॅक घेतला, पाना घेतला, जुनी जीप काढली. कुठे जातोय, कुणाची गाडी दुरुस्त करायला, हे डोक्यात आलंच नाही. येतो म्हणालो होतो, म्हणून निघालो. घाटात दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. धुक्याने रस्ता पाणी मारल्यासारखा ओला, आणि कुठूनतरी ब्रेक तापल्याचा जळका वास. तिसऱ्या वळणाच्या अलीकडे जीप थांबवली, इंजिन बंद केलं. समोरून टिक-टिक ऐकू आली. खरी, कानाने ऐकू येणारी. नारिंगी दिवा उघडझाप करत होता. त्या दिशेने चालत गेलो.

एक लहान गाडी कडेला उभी होती. दाराशी एक मुलगी. तिने मान वळवली, आणि क्षणभर मला बाईच वाटल्या. घड्याळवाल्यांची लेक होती ती.

"काका? तुम्ही इथे कसे?" ती म्हणाली. "बरं झालं आलात, मी आता निघणारच होते. स्टेअरिंग थरथरतंय थोडं. परवाच टायर बदललेत. टायर नवीन आहेत म्हणून असेल ना?"

मी खाली बसलो आणि पुढच्या डाव्या चाकाच्या नटाला नुसती बोटं लावली. तो फिरला. पाचही फिरले. शहरातल्या कुठल्यातरी दुकानात कुणीतरी घाईत नुसते टेकवून सोडले होते. मी जॅक लावला, नट नीट बसवले, गाडी टेकवली आणि सगळ्या अंगाचं वजन टाकून एकेक आवळला. चारही चाकांचे आवळले. घामाने निथळलो. ती परत परत विचारत होती, तुम्हाला सांगितलं कुणी, मी तर कुणालाच फोन केला नव्हता. तेव्हा तिथेच, ओल्या रस्त्यावर बसून मी तिला सगळं सांगितलं. रेघा, वायपरवाल्याचा फोन, 'चालवा'. तिच्या बापाचा दोष नव्हता हेही.

ती ओरडली नाही, रडलीही नाही. मग तिने फोन काढला आणि नंबर न शोधता पाठ असलेला लावला. "बाबा, मी बोलतेय," एवढंच म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, "आता तुम्ही सांगा त्यांना."

सांगितलं. तेच सगळं, दुसऱ्यांदा. 

"मिस्त्री," ते म्हणाले, "मग हे खरंच आहे तर... मघापासून मला सारखं आठवतंय. आम्ही थांबलो होतो. ती उतरली, चाकापाशी वाकली, तुमच्याशी बोलली. मला म्हणाली, नट ढिले आहेत, दादा येतायत. म्हणून आम्ही थांबलो..."

"अहो, तुम्हीच म्हणायचात ना, कुठे थांबलो नाही म्हणून?"

"म्हणत होतो. सहा वर्षं तेच आठवत होतं. पण आम्ही थांबलो होतो, मिस्त्री. खूप वेळ. थंडी वाजत होती तिला. शेवटी म्हणाली, दादा काही आता येत नाहीत, अंधार पडेल, हळूहळू जाऊ या..." फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "आणि हे खिळ्यावरचं घड्याळ... यात पावणेसहा वाजलेत."

लेक त्याच दिवशी गाडी वळवून खाली गेली. आता दर आठवड्याला येते, बापाला स्क्रू उचलून देते. मी चौकीत जाऊन सगळं लिहून दिलं. ज्यांना यायचं नाही ते आता माझ्याकडे येत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. ते घड्याळ मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. काच तशीच फुटलेली, काटे तसेच वाकलेले. पावणेसहा. फोन त्या दिवसापासून यायचा बंद झाला.

चला, निवलं वाटतं इंजिन. बाजूला व्हा जरा. हं, झाकण उघडलं. पाणी पार तळाला गेलंय, हा पाइप बघा, इथे चीर आहे. बदलून देतो, दहा मिनिटांचं काम. आणि तुम्ही ऐकत होतात तेवढ्यात तुमच्या चारही चाकांचे नट बघून ठेवलेत. घट्ट आहेत. रेघ मात्र मागू नका.

घाटात काय करतो म्हणता? थांबतो. जॅक आणि पाना घेऊन चारला निघतो आणि तिसऱ्या वळणाच्या कड्याशी बसतो. धुकं असतं, काही दिसत नाही. टिक-टिक ऐकू येते. उठून तिच्या दिशेने चालत जातो, तर ती तेवढीच लांब राहते. हाका मारून पाहिल्या. नर्सबाई, मी आलोय, इथेच आहे. ऐकू जात नसावं. पावणेसहाला टिक-टिक थांबते, एक दार लागतं. मग मात्र मला तिथे पोचता येतं. सगळा रस्ता धुक्याने ओला असतो आणि मध्ये गाडीएवढी जागा कोरडी. मी वाकून हात लावून बघतो. ती रोज कोमट असते.